निळ्या जॅकसाठी: जुन्या एक्सपी मशीनचा आवाज परत आणताना

मामांचा कॉम्प्युटर २००९ सालचा. परभणीत असेंबल करून घेतलेला: इंटेल जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, पेंटियम ड्युअल-कोर, २ जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी. सेलू तालुक्यातल्या माझ्या आजोळी तो अजून रोज चालू होतो, कारण मामांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून सप्ताहाची पत्रिका, भजनी मंडळाचा हिशेब, कुणाचा अर्ज, असं गावातलं बरंच लिहिणं त्यांच्याकडे असतं. मध्यंतरी हार्डडिस्क गेली. दुकानदारानं नवी डिस्क टाकून एक्सपी भरून दिली, पण मशीन घरी आलं ते मुकं होऊनच. मामांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "साउंड कार्ड बोर्डातच असतं, ते उडालंय. मदरबोर्ड बदला, नाहीतर नवीन घ्या."

टायपिंगला आवाज लागत नाही, त्यामुळे मामा गप्प बसलेही असते. पण घरात पत्र्याच्या पेटीत आज्जीच्या ओव्यांच्या कॅसेटी होत्या. नव्वदच्या आसपास, आज्जी धडधाकट होती तेव्हा, मामांनी त्या टू-इन-वनवर भरून ठेवल्या. जात्याच्या एका बाजूला आज्जी, दुसऱ्या बाजूनं खुंट्याला हात लावलेली चुलत आज्जी, आणि मधे जमिनीवर ठेवलेला टेप. कॅसेटची फीत वर्षागणिक बाद होत जाते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तर फार लवकर. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या हे आम्ही कधीचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी मला हेच मशीन हवं होतं.

हेच का, ते सांगते. जुन्या कॉम्प्युटरच्या मागं तीन रंगांचे जॅक असतात. हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा आणि निळा लाइन-इनचा. माझ्या लॅपटॉपला फक्त एक जॅक आहे, त्यातच हेडफोन आणि त्यातच माइक. टेपची वायर त्यात घातली तर आवाज माइकच्या वाटेनं आत जातो, तोही एकाच चॅनलमध्ये. माइककडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, लाइनचा त्याच्या साधारण शंभरपट. म्हणून माइकच्या जॅकला टेप लावला की आवाज फाटतो. बाजारात मिळणारी यूएसबीची स्वस्त साउंड कार्डंही मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना निळा जॅक नसतोच. टेपसाठी लाइन-इनच लागतं, आणि ते घरातल्या एकाच मशीनला होतं.

दुकानदारावर माझा राग आहे तो एवढ्यासाठी की त्यानं न बघता निदान केलं. ‘आवाज येत नाही’ हे दुखणं एका जागचं नसतं. स्पीकर, वायर, जॅक, बोर्डावरची चिप, बायॉस (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डातलं सेटिंग), ड्रायव्हर (विंडोजला एखाद्या भागाशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर), विंडोजचा मिक्सर, यांतल्या कुठल्याही जागी ते असू शकतं. खालून वर तपासत गेलं तर बहुतेक वेळा चिप शाबूत असते. मुळात एक्सपी भरण्याच्या आधी आवाज होता आणि भरल्यावर गेला, एवढ्यावरूनच बोट ड्रायव्हरकडे जायला पाहिजे होतं. जुनं मशीन दिसलं की पाच मिनिटं द्यायची कुणाची तयारी नसते, आणि गावाकडचा माणूस ‘उडालंय’ म्हटल्यावर पुढं काय विचारणार?

पहिलं काम चिप जिवंत आहे का हे बघायचं. त्यासाठी मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, चालवणं. इन्स्टॉल काही करायचं नाही, हार्डडिस्कला हात लावायचा नाही. मी लॅपटॉपवर लुबुंटू या हलक्या लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून नेला होता. मशीन चालू करताना बूट मेनू उघडला, यूएसबी निवडलं आणि वाट बघत बसले. यूएसबी २.० वरून एवढ्या जुन्या मशीनवर ते सावकाश उघडतं, घाई करून उपयोग नाही. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"काय करायलीस माय? सगळं उडवून तर नाही ना टाकायलीस?"

"नाही मामा, तुमच्या फायलींना धक्कासुद्धा लागणार नाही. फक्त बघायलेय."

लिनक्स उघडल्यावर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम चालवला, एफ६ दाबून कार्ड निवडलं. वरच्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या: ‘कार्ड’पुढं एचडीए इंटेल आणि ‘चिप’पुढं रियलटेक एएलसी६६२. म्हणजे बोर्डावरची चिप तिच्या नावानिशी उत्तर देत होती. एक-दोन पट्ट्यांखाली ‘एमएम’ असं दिसत होतं, म्हणजे त्या म्यूट होत्या. एम दाबून त्या उघडल्या, आवाजाची पट्टी वर नेली आणि स्पीकर-टेस्ट चालवलं. डाव्या स्पीकरमधून खरखर आली, मग उजव्या. मामा उठून उभे राहिले. "आवाज यायलाय की गं!" साउंड कार्ड उडालेलं नव्हतं, हे तिथंच पक्कं झालं. यापुढं जे काही होतं ते फक्त एक्सपीचं होतं.

कुणी म्हणेल, मग लिनक्सच ठेवायचं. मामांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर नसतं तर मीही तेच केलं असतं, आणि ज्यांच्या जुन्या मशीनवर असं काही अडलेलं नाही त्यांनी तेच करावं असं मला मनापासून वाटतं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं, त्यामुळे ते इंटरनेटला जोडणं बरं नाही. मामांचं मशीन आम्ही मुद्दाम नेटपासून लांबच ठेवलंय. पण त्यामुळे ड्रायव्हर आणायचा तर तो दुसरीकडून आणणं आलं.

त्याआधी बायॉसमध्ये जाऊन आले. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’मध्ये ऑनबोर्ड ऑडिओ ‘ऑटो’वर होता, म्हणजे तिथं अडचण नव्हती. हे बघणं मात्र चुकवू नये, कारण तिथं ‘डिसेबल्ड’ असेल तर विंडोजला साउंड कार्ड दिसतच नाही आणि मग कितीही ड्रायव्हर टाकले तरी काही होत नाही. बायॉसमध्ये दुसरीच एक गोष्ट सापडली. घड्याळ २००९ सालात होतं. बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर२०३२, संपलेली. लाइट गेली की घड्याळ आणि बायॉसमधलं सेटिंग दोन्ही मूळपदावर जायचं, आणि आमच्याकडे लाइट जाणं काही नवं नाही. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते, बदलायला स्क्रूड्रायव्हरचीसुद्धा गरज नसते, बाजूची छोटी पट्टी दाबली की ती वर उचलून येते. घड्याळ चुकीचं असलं की ब्राउझर वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो, हेही लक्षात ठेवायला हवं. बऱ्याच जणांना ‘नेट चालू आहे पण साइट उघडत नाही’ असं जुन्या मशीनवर होतं, त्याचं एक कारण ही बॅटरी असते.

कॅबिनेट उघडलंच होतं म्हणून धूळही काढली. रस्त्याच्या कडेचं घर, समोरून ट्रॅक्टरची ये-जा, त्यामुळे काळ्या मातीची बारीक भुकटी पंख्यावर थर धरून बसली होती. रंगकामाच्या कोरड्या मऊ ब्रशनं ती झाडली. झाडताना पीसीआय स्लॉटांच्या मधे छापलेला बोर्डाचा मॉडेल नंबर दिसला, तो वहीत लिहून घेतला. मदरबोर्डबरोबर आलेली सीडी कधीच हरवली होती, आता त्या नंबराशिवाय पुढचं पाऊल टाकता आलं नसतं.

एक्सपी चालू करून डिव्हाइस मॅनेजर उघडला. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’मध्ये विंडोजच्या नेहमीच्या नोंदी सोडल्या तर काही नाही. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळं प्रश्नचिन्ह आणि पुढं फक्त ‘पीसीआय डिव्हाइस’. या नावावरून काहीच कळत नाही. त्यावर दोनदा क्लिक केलं, ‘डिटेल्स’मध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघितला. तिथं व्हेन (बनवणारी कंपनी) ८०८६, डेव्ह (तिचा भाग) २७डी८ असं होतं. ८०८६ म्हणजे इंटेल, आणि २७डी८ म्हणजे आयसीएच७ या साउथब्रिज (बोर्डावरची आवाज, यूएसबी, डिस्क सांभाळणारी) चिपमधला एचडी ऑडिओ कंट्रोलर. जी३१ च्या बोर्डांवर तोच असतो.

मला जे सांगायचंय ते इथंच आहे. ड्रायव्हर शोधायचा तो या आकड्यांवरून. कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा, बॉक्सवर काय लिहिलंय, विकणाऱ्यानं काय सांगितलं, यावरून शोधत बसलं की माणूस भलत्याच फायली गोळा करतो. विंडोज स्वतःसुद्धा याच आकड्यांवरून ड्रायव्हर जुळवतं: ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये हे आकडे लिहिलेले असतात, आणि ते जुळले तरच ती फाइल पुढं चालते. चार सेकंदांत वहीत उतरवून घेता येणारी ही गोष्ट आहे आणि ती खोटं बोलत नाही.

या आकड्यांवरून हेही कळलं की दुखणं दोन मजली आहे. मशीनमध्ये आवाजाचे दोन भाग असतात. एक कंट्रोलर, जो साउथब्रिजमध्ये बसलेला असतो, इंटेलचा. दुसरा कोडेक, म्हणजे बोर्डाच्या कडेला जॅकच्या जवळ असलेली छोटी चौकोनी चिप, रियलटेकची. एक्सपी २००१ साली आलं, आणि इंटेलनं एचडी ऑडिओचं मानक आणलं २००४ मध्ये. म्हणून एक्सपीला या कंट्रोलरशी बोलायची भाषा मुळात येत नाही. मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी वेगळा यूएए बस ड्रायव्हर काढला, त्याचा नंबर केबी८८८१११. तो नसेल तर एक्सपीला कंट्रोलर दिसतो नुसता ‘पीसीआय डिव्हाइस’ म्हणून, आणि त्याच्या पलीकडचा कोडेक तर दिसतच नाही. वाडीवर जाणारा रस्ताच झालेला नाही, तर पोस्टमन वाडीतल्या घराचा पत्ता कितीही नीट वाचून काय करणार? दुकानदारानं बहुतेक रियलटेकचा कुठला तरी सेटअप चालवला असणार, तो पडला असणार, आणि त्यावरून ‘उडालंय’ झालं.

ड्रायव्हर उतरवायचं काम परभणीला घरी येऊन लॅपटॉपवर केलं. इथं प्रत्येकानं सावध राहावं असं मला वाटतं. आयडी टाकून शोधलं की पहिल्यांदा समोर येतात त्या ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या साइट. मोठं हिरवं बटण, खाली बारीक अक्षरं. त्यातून बहुतेक वेळा एक प्रोग्रॅम येतो, तो दोन-चार नको ते प्रोग्रॅम सोबत आणतो, मशीन तपासल्यासारखं करतो आणि ड्रायव्हर देण्याच्या आधी पैसे मागतो. निवृत्त माणसं, विद्यार्थी, छोटे दुकानदार यांना यात फसलेलं मी पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल नंबर टाकला की ऑपरेटिंग सिस्टिम निवडायची यादी येते. आमच्या बोर्डाच्या यादीत एक्सपी अजून होतं. त्यातून रियलटेक एचडी ऑडिओचं पॅकेज घेतलं. त्या झिपमध्ये एमएसएचडीक्यूएफई नावाच्या फोल्डरात केबी८८८१११ सुद्धा असतं, ते वेगळं शोधत फिरायची गरज पडत नाही. माझ्या लॅपटॉपवरच सेव्हन-झिपनं दोन्ही उघडून, सुटं करून पेनड्राइव्हवर टाकलं.

पेनड्राइव्हचंही एक सांगून ठेवते. मोठे पेनड्राइव्ह आता एक्सफॅट फॉरमॅटचे असतात, आणि साधं एक्सपी ते वाचत नाही. लावला की ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. म्हणून एक जुना पेनड्राइव्ह फॅट३२ करून नेला. आणि एक्सपीला पेनड्राइव्ह लावताना शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे ऑटोरन होत नाही आणि कुठला व्हायरस आपोआप चालू होत नाही.

पुन्हा सेलूला जाणं झालं ते मामांच्या नातीच्या बारशाला. पाहुणे जेवून पांगले तसा मी कॉम्प्युटर लावला. आधी केबी८८८१११ चं सेटअप चालवून बघितलं. एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा तिसरा गठ्ठा, होता, आणि हे सेटअप सर्व्हिस पॅक २ साठीचं. त्यानं सांगितलं की तुमच्या सिस्टिमचा सर्व्हिस पॅक या अपडेटपेक्षा नवा आहे, याची गरज नाही. गरज तर होती, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह तसंच होतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, सीएसडीव्हर्जन हा आकडा ३०० चा २०० करायचा, रीस्टार्ट करून अपडेट टाकायचं, मग परत ३०० करायचा, असा एक उपाय बरेच जण सांगतात. तो चालतो, पण मला तो पटत नाही. विंडोजला स्वतःच्याच आवृत्तीबद्दल चुकीचं सांगायचं, आणि परत आकडा बदलायचा राहून गेला तर पुढचं काहीही बिघडू शकतं. त्यापेक्षा सरळ वाट आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ‘पीसीआय डिव्हाइस’वर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडलं. विंडोज अपडेटला जोडू का, तर नाही. ‘लिस्ट ऑर स्पेसिफिक लोकेशन’ निवडून, सुटं केलेल्या फोल्डरातली एचडीऑडबस नावाची आयएनएफ फाइल दाखवली. पट्टी पुढं सरकली आणि ‘अदर डिव्हायसेस’मधलं पिवळं चिन्ह गेलं. ‘सिस्टिम डिव्हायसेस’मध्ये जाऊन बघितलं तर ‘मायक्रोसॉफ्ट यूएए बस ड्रायव्हर फॉर हाय डेफिनिशन ऑडिओ’ अशी नवी ओळ आलेली. लगेच खालच्या कोपऱ्यात नवं हार्डवेअर सापडल्याचा फुगा वर आला: ‘ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस’. त्याचा आयडी बघितला. व्हेन १०ईसी, डेव्ह ०६६२. १०ईसी रियलटेकचा, ०६६२ म्हणजे एएलसी६६२. लिनक्सनं जे नाव सांगितलं होतं तेच.

तो फुगा बंद केला आणि रियलटेकचं सेटअप चालवलं. या वेळी ते मधे कुठं थांबलं नाही. रीस्टार्ट झाल्यावर घड्याळाशेजारी नारिंगी स्पीकर दिसायला लागला आणि एक्सपी उघडल्याची ती ओळखीची धून वाजली. मामांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून मामीला हाक मारली, "ऐकायलीस का? बोलायला लागलं हे!"

पुढच्या बाजूचा हेडफोनचा जॅक मात्र गप्पच होता. मामा रात्री भजनं ऐकायला तोच वापरणार होते. कॅबिनेटमधून बोर्डाकडं आलेल्या वायरीच्या टोकाला दोन प्लग होते, एकावर एसी’९७ (एचडी ऑडिओच्या आधीचं मानक) आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. जोडलेला होता एसी’९७ चा. तो काढून एचडीचा बसवला, काम झालं. ज्यांच्या कॅबिनेटला एकच एसी’९७ चा प्लग असतो त्यांना रियलटेकच्या मॅनेजरमध्ये ‘डिसेबल फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शन’वर खूण करावी लागते, कारण जुन्या जोडणीत जॅकमध्ये काही घातलंय हे कोडेकला कळत नाही.

मग निळा जॅक. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर निळ्या जॅकमध्ये घातली. रियलटेकनं विचारलं, काय लावलंय? लाइन-इन सांगितलं. एक्सपीच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये ‘ऑप्शन्स’, ‘प्रॉपर्टीज’, तिथं रेकॉर्डिंग निवडून लाइनवर खूण केली. हे न करता रेकॉर्डिंग सुरू केलं तर माइकच रेकॉर्ड होत राहतो आणि खोलीतली कुजबुज तेवढी येते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती टाकली होती. टेपचा आवाज एक तृतीयांशावर ठेवला आणि बाकीची पातळी कॉम्प्युटरवरून जुळवली. टेप पूर्ण मोठा केला की त्याच्या अॅम्प्लिफायरचीच खरखर वाढते.

पहिल्या कॅसेटवर आधी जात्याची घरघर आली. मग आज्जीचा आवाज, जरा दबकत: "चालू हाय का ते?" आणि लांबून तरुण मामांचं "हाय, म्हण तू." तिनं खाकरून घसा मोकळा केला. बांगड्यांचा आवाज जात्याच्या फेऱ्याबरोबर येत होता, दर फेऱ्याला एकदा, आणि ओवीची ओळ बरोबर त्याच्यावर पडत होती. मामी पदराला हात पुसत दारात येऊन थांबली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने याच जात्यावर आज्जीसोबत बसली होती. पंढरीच्या ओव्या आधी, मग जनाबाईच्या, मग भावाच्या, हा क्रम तिला पाठ होता, आणि ओवी सुरू व्हायच्या आत ती पहिला शब्द म्हणत होती. गंगाखेड आमच्या जिल्ह्यातलंच, त्यामुळे जनाबाई आमच्या जात्यावर घरची असल्यासारखी येते.

पण सगळ्याच्या खाली एक जाड घूं असा आवाज घुमत होता. हा ड्रायव्हरचा दोष नाही, पन्नास हर्ट्झच्या विजेचा आहे. घरात सॉकेट तीन पिनचं होतं, पण तिसऱ्या पिनला मागं वायरच जोडलेली नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून) होणारी थोडीशी गळती कॅबिनेटवर येते. हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. टेपही अॅडॉप्टरवर असल्यामुळे ती वायरीतून रेकॉर्डिंगमध्ये उतरत होती. टेपचा अॅडॉप्टर काढून त्यात मोठे सेल घातले, घुमणं बरंच कमी झालं. बाकीचं वायरमनला बोलावून नीट अर्थिंग केल्यावर गेलं. अंगणात खड्डा करून, कोळसा-मीठ घालून पट्टी पुरली. आमची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंग निकामं होतं, म्हणून मामा आता तुळशीला पाणी घालताना त्या खड्ड्यातही तांब्याभर टाकतात. हे काम कॅसेटीसाठी नसलं तरी करायलाच हवं होतं. कॉम्प्युटरला हात लावून चटका बसणं याची सवय होऊ देऊ नये.

४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ घेतलं तर मिनिटाला साधारण साडेदहा एमबी होतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६३५ एमबीच्या आसपास. मूळ रेकॉर्डिंग एकाच माइकवरचं, मोनो. त्यामुळे दोन्ही चॅनलमध्ये तेच असतं, पण फितीच्या एका कडेला झीज जास्त झालेली असते. म्हणून स्टिरिओ घेऊन ज्या चॅनलमध्ये खरखर कमी तो ठेवायचा आणि दुसरा काढायचा, जागा निम्मी लागते. मूळ वॅव्ह फायली तशाच ठेवायच्या. खरखर काढायचे प्रयोग नकलेवर करायचे, कारण नॉइज रिमूव्हल जास्त झालं की जात्याची घरघरही जाते, आणि ती गेली तर ओवी अर्धीच राहते.

आता दर रविवारी मामा स्वतः एक बाजू उतरवून घेतात. ड्रायव्हरचं सगळं फोल्डर, केबी८८८१११ धरून, डी ड्राइव्हवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवलंय. बोर्डाचा मॉडेल नंबर आणि दोन्ही हार्डवेअर आयडी कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. पुढं कधी पुन्हा एक्सपी भरावं लागलं तर ज्याच्या हातात मशीन जाईल त्याला अंदाज करत बसायला नको.

याची बातमी गावात पसरली तशी मामांच्या एका मित्रानं आपलाही कॉम्प्युटर दाखवायला आणला. पेंटियम ४, इंटेल ८४५ चा चिपसेट, तोही नव्यानं एक्सपी भरल्यापासून मुका. त्याचा आयडी निघाला व्हेन ८०८६, डेव्ह २४सी५. हा आयसीएच४ चा एसी’९७ कंट्रोलर आहे, एचडी ऑडिओच्या आधीच्या पिढीतला. त्याला यूएए लागत नाही, आणि मामांच्या मशीनचं पॅकेज त्यावर चालणार नाही. त्याच्या बोर्डाचा मॉडेल नंबर लिहून घेतलाय. रियलटेकचं एसी’९७ चं पॅकेज वेगळं असतं, ते पुढच्या खेपेला घेऊन जाणार आहे.